अब्बांची मर्सिडीज

लहानपणी वर्गात कुणाच्या घरी काय आहे, याची चढाओढ लागायची. कुणाकडे लूना, कुणाकडे रंगीत टीव्ही. आमची पाळी आली की आम्ही छाती फुगवून सांगायचो, 'हमारे अब्बा के पास मर्सिडीज है.' पोरं हसायची. पण आम्ही खोटे बोलत नव्हतो. सोलापूरच्या त्या गल्लीत कडुलिंबाखाली जी गाडी रात्री येऊन उभी राहायची, तिच्या नाकावर खरोखरच तीन टोकांचा तारा होता. फरक एवढाच की ती मोटार नव्हती, ट्रक होता. (घरात स्वतःला 'हम' म्हणायची सवय, ती मराठी लिहितानाही सुटत नाही. तेव्हा हे 'आम्ही' म्हणजे एकटेच आम्ही, असे वाचकांनी समजावे.)

त्या ताऱ्याची हकिकत अशी. टेल्को ही कंपनी १९४५ साली जमशेदपूरला निघाली ती रेल्वेची इंजिने बनवायला. १९५४ साली तिने जर्मनीच्या डायमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि टाटा-मर्सिडीज ट्रक रस्त्यावर आले. १९६९ साली करार संपला, तारा गेला, त्या जागी टाटांचे 'टी' आले. आमची गाडी १९६८ सालची, म्हणजे ताऱ्याच्या शेवटच्या गाड्यांपैकी. मॉडेल १२१०. बारा म्हणजे मालासकट बारा टन वजन आणि दहा म्हणजे दहा गुणिले दहा, शंभराच्या आसपास घोडे. त्या काळी कंपनी फक्त चासी द्यायची. केबिन आणि हौदा गावोगावचे सुतार-लोहार बांधायचे. आमच्या गाडीची लाकडी केबिन सोलापुरातच बांधली गेली.

अब्बा त्या गाडीवर क्लीनर म्हणून लागले तेव्हा मिसरूडही फुटले नव्हते. गाडी एका शेटजींची होती. क्लीनरचे ड्रायव्हर झाले आणि १९८४ साली शेटजींनी नवी गाडी घेतली तेव्हा हप्त्याने हीच गाडी त्यांनी अब्बांना दिली. जाताना ज्वारी, तूरडाळ, चादरींचे गठ्ठे. येताना मुंबईहून मिळेल तो माल. खंडाळ्याचा घाट अब्बांनी किती वेळा चढला-उतरला याचा हिशोब नाही. अब्बांना वाचता येत नव्हते. रस्त्यावरच्या पाट्या ते चित्रासारख्या ओळखत. पण आमची तिन्ही भावंडांची फी, आमचे डी.एड., पुढे बी.एड., आपाचे लग्न, हे सगळे त्या गाडीच्या हौद्यातून उतरले. २००६ साली गुडघ्यांनी जबाब दिला आणि अब्बांनी गाडी कडुलिंबाखाली लावली ती लावलीच.

२०२१ च्या पावसाळ्यात अब्बांचा इंतकाल झाला. चाळिसावा झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात भंगारवाला आला. गाडीभोवती एक फेरी मारली, चासीवर हातोडा वाजवून पाहिला आणि सव्वा लाख सांगितले. भाईजान तयार होते. ते स्वतः ड्रायव्हर आहेत, परक्याच्या नव्या गाडीवर. त्यांच्या मुलीचे फार्मसीचे अ‍ॅडमिशन तोंडावर होते. आम्ही 'अब्बांची निशाणी' वगैरे बोलू लागलो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, 'मास्टर, तुम्हारे वास्ते ये निशानी है. मेरे वास्ते कमर का दर्द है. दस बरस मैं इसका क्लीनर था, तुम नहीं थे.'

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. गाडीने आम्हाला शिकवले होते आणि त्यांना राबवले होते. एकाच गाडीची दोन मुले, पण दोघांना गाडी वेगवेगळी दिसत होती.

शेवटी आम्ही वारशाचा हिशोब मांडला. सव्वा लाखातला अम्मीचा आठवा हिस्सा १५,६२५ रुपये. उरलेल्याचे पाच भाग, दोन भाईजानचे, दोन आमचे, एक आपाचा. म्हणजे भाईजानचे ४३,७५० आणि आपाचे २१,८७५. भंगाराच्या भावाने सगळ्यांचे हिस्से आम्ही विकत घ्यायचे ठरवले. अम्मीने तिचा हिस्सा माफ केला. आपाने घेतला आणि आम्हाला बरे वाटले. बहिणीकडून हिस्सा 'माफ' करून घ्यायची जी रीत आपल्यात पडली आहे, ती शरियतही नाही आणि शराफतही नाही. भाईजानचे पैसे फीच्या तारखेआधी दिले. अशा रीतीने उर्दू शाळेचा एक मास्तर एका न चालणाऱ्या ट्रकचा मालक झाला.

गाडी आपली झाल्यावर पहिली चूक आम्ही करणार होतो. नवी बॅटरी लावून चावी फिरवायची, एवढीच आमची कल्पना होती. ज्यांच्या हाताखाली अब्बांची गाडी कायम उघडली-मिटली ते उस्ताद आता सत्तरीच्या पुढचे. त्यांना रिक्षातून आणले. त्यांनी आमच्या हातातली बॅटरी खाली ठेवायला लावली. म्हणाले, 'पंधरा साल सोई सो है. सोते आदमी कू कोई लात मार के उठाता क्या? जबरदस्ती नक्को करो.'

मग सुरू झाली आमची शिकवणी. आधी सहाही नोझल काढले. प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि मोबिलचे मिश्रण थोडे थोडे ओतले. कारण गाडी बसून राहिली की रिंगा लायनरला गंजाने चिकटतात. तशात स्टार्टर मारला तर रिंगा तुटतात, लायनरवर ओरखडे पडतात आणि चांगले इंजिन पाच सेकंदांत खराब होते. आठ दिवस ते मिश्रण मुरू दिले. रोज शाळेतून आल्यावर पुढच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावून हलकेच रेटून बघायचे. नवव्या दिवशी पाना केसभर सरकला. उस्तादांनी कान लावला आणि म्हणाले, 'हौ. जिंदी है.'

एअर फिल्टरमध्ये उंदरांची तीन पिढ्यांची वसाहत निघाली. डिझेलच्या टाकीत डांबरासारखा गाळ होता. टाकी उतरवून आत खडी आणि डिझेल घालून घुसळली, तीन वेळा धुतली. मायकोचा पंप पूर्ण जाम होता. तो पंप मिस्त्रीकडे टेबलवर चढवला. सहा प्लंजर सहाही सिलिंडरना सारखे डिझेल देतात की नाही हे काचेच्या नळ्यांत मोजून पाहतात, ते आम्ही प्रथमच पाहिले. वर्गातली सगळी मुले सारखी शिकली पाहिजेत असे आम्ही ट्रेनिंगमध्ये म्हणायचो. पंप मिस्त्री ते खरेच करून दाखवत होता, अर्ध्या थेंबाचाही फरक त्याला चालत नव्हता.

इंजिनाचे नाव ६९२. उस्ताद म्हणाले, 'नाम में ही सब है मास्टर, पढ लो.' सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९२ मिलिमीटर. सिलिंडर पेटण्याचा क्रम त्यांनी आम्हाला पाढ्यासारखा पाठ करायला लावला. एक, पाच, तीन, सहा, दोन, चार. एकामागे लगेच शेजारचा पेटत नाही, जोर असा आलटून पालटून पडतो म्हणून लांब क्रँकला पीळ बसत नाही. उस्ताद चौथीपर्यंत शिकलेले. हे त्यांना कोणत्या पुस्तकाने शिकवले असेल? आमच्या बी.एड.च्या वर्षात 'कृतीतून शिक्षण' यावर आम्ही दहा मार्कांचे उत्तर लिहिले होते. ते उत्तर आम्हाला आता बोटांच्या काळ्या झालेल्या नखांतून कळत होते.

शाळा सांभाळून, उन्हाळी आणि दिवाळीच्या सुट्ट्या धरून काम दोन वर्षे चालले. हेड उतरवून व्हॉल्व्ह घासले, टॅपेट गेज लावून बसवले. पुढच्या अ‍ॅक्सलचे किंग पिन आणि बुश बदलले. मागचे पाटे उकलून एकेक पान तारेच्या ब्रशने घासले, तेल लावून पुन्हा बांधले, मधला एक तुटलेला होता तो लोहाराने बनवून दिला. ब्रेकचे सगळे पाइप आणि लायनिंग नवे. ९००-२० चे सहा टायर, तेही वापरलेले, बाजार फिरून गोळा केले. पगारातून किती गेले ते बेगमला नीट माहीत आहे, म्हणून इथे लिहीत नाही.

२०२३ च्या मे महिन्यात एका सकाळी उस्तादांनी पंपावरचा हातपंप मारून पाइपातली हवा काढली. बुडबुडे थांबून नुसते डिझेल आले तसा नट आवळला आणि मान हलवली. आम्ही बिस्मिल्ला म्हणून स्टार्टर दाबला. पहिल्यांदा नुसती घरघर. दुसऱ्यांदा एक सिलिंडर, मग दोन. गल्लीभर पांढरा धूर झाला. मग सहाही बोलू लागले. अम्मी दारात आली. पदर डोक्यावर घेतला आणि आत जाऊन चहा टाकला. अब्बा आले की ती हेच करायची.

भाईजान त्या दिवशी हैदराबादहून परत येत होते. त्यांनी फोनवर आवाज ऐकला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'तीन नंबर अभी भी लंगडा है. टॅपेट देखो.' तीन नंबरचा टॅपेट खरोखरच सैल निघाला. त्या दिवसापासून ते सुट्टीला आले की अंगावर बनियन ठेवून गाडीखाली शिरू लागले. त्यांच्या हातातली गाडी बीएस-सहाची, १ एप्रिल २०२० नंतरची. तिच्यात युरिया भरावा लागतो, तिचा दोष कॉम्प्युटर सांगतो. म्हणत, 'उस गाडी में मैं बस बैठता हूं. इसके साथ बात करनी पडती है.'

आता रंगाचे काम उरले होते, आणि इथेच गाडीने आम्हाला असा धडा दिला की त्यासाठी हे लिहायला बसलो.

केबिनच्या कपाळावर लाकडी पट्टी असते. तिच्यावर अब्बांनी हिरव्या रंगात ७८६ लिहून घेतले होते. आम्ही जन्मापासून ते तसेच पाहिले असे आम्हाला वाटत होते. रंग काढायला पॉलिश पेपर घेऊन बसलो. पिवळ्या जमिनीवरचे हिरवे ७८६ गेले आणि खाली काळा रंग लागला. कडेपासून कडेपर्यंत काळा, एक अक्षर नसलेला. काळ्याच्या खाली पुन्हा ७८६, लाल रंगात. आणि त्याच्याही खाली, थेट लाकडावर, शेटजींच्या काळातले 'शुभ लाभ'.

'शुभ लाभ' कळले. लाल ७८६ ही कळले. गाडी आपली झाल्यावर अब्बांनी लिहून घेतले असणार. पण मधला काळा पट्टा?

अम्मीला विचारले तर ती म्हणाली, 'पेंटर कू पुछो.' ते पेंटरकाका अजून आहेत, हात कापतो पण अक्षर सरळ येते. पट्टीवर बोट फिरवून ते म्हणाले, 'हा माझ्याच हातचा आहे मास्तर. त्र्याण्णवचा जानेवारी. मुंबई पेटली होती. तुझे अब्बा दिवे लागणीला आले. काही बोलले नाहीत, नुसता पट्टीवरून हात फिरवून दाखवला. मी काळा मारला. पैसे देत होते, घेतले नाहीत. त्या कामाचे पैसे कसे घ्यायचे?'

आम्ही तेव्हा चार वर्षांचे. आम्हाला काहीच ठाऊक नव्हते. म्हणजे १९९३ च्या जानेवारीपासून अब्बा बिनकपाळाची गाडी घेऊन मुंबईला जात-येत होते.

आणि वरचे हिरवे? तेही पेंटरकाकांनीच सांगितले, आणि उरलेले अम्मीने. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन झाले होते, गावे दमून झोपली होती. हजारो माणसे दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. सोलापुरातून मदतीच्या गाड्या निघाल्या त्यात अब्बांची एक होती. पाव, पाणी आणि चादरींचे गठ्ठे. अम्मी म्हणाली, 'ओढने कू भेजे सो चादरां, मय्यत पे डालने कू लगे.' अब्बांनी चार खेपा केल्या. परत आले ते दोन दिवस झोपून होते. तिसऱ्या दिवशी उठले, गाडी धुतली आणि पेंटरकाकांकडे नेली. म्हणाले, 'पहले जैसा.' एवढेच. का, ते त्यांनी पेंटरकाकांना सांगितले नाही. अम्मीनेही कधी विचारले नाही.

जुन्या गाड्यांचे शौकीन 'मूळ रूप' या शब्दाला फार मानतात. सरकारही मानते. जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या 'व्हिंटेज' वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. आम्ही आशेने तो नियम वाचला. त्यात दुचाक्या आहेत, माणसे नेणाऱ्या मोटारी आहेत. माल वाहणारा ट्रक नाही. राजेरजवाड्यांची मोटार वारसा ठरते आणि ज्या गाडीने लोकांच्या घरची ज्वारी वाहिली ती भंगार ठरते. दुसरा रस्ता फिटनेसचा. पंधरा वर्षांवरच्या जड वाहनाच्या फिटनेसची फी १ एप्रिल २०२२ पासून १२,५०० रुपये झाली होती. फी भरली तरी इतक्या वर्षांचे थकलेले कागद उभे करणे आमच्या पगारात बसणारे नाही. त्यामुळे गाडी रस्त्यावर न्यायची नाही, हे आम्ही कबूल करून टाकले आहे. मागे हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याने अडीच लाख देऊ केले. इंजिन काढून टाकून केबिनमध्ये टेबल लावायचे होते, लोक फोटो काढतील म्हणून. या वेळी 'नक्को' म्हणणारे भाईजान होते.

पण कोणते मूळ रूप? 'शुभ लाभ' सर्वांत जुने, म्हणून ते मूळ? की लाल ७८६? की तो काळा पट्टा, जो अब्बांच्या आयुष्यातला तितकाच खरा भाग होता?

पट्टी कोरी करून पेंटरकाकांनी ब्रश बुडवला आणि विचारले, 'काय लिहू?' आणि आम्ही, वर्गात मुलांना 'डरना नहीं, सच बोलना' शिकवणारे आम्ही, क्षणभर गप्प झालो. गल्लीतून येणारे-जाणारे, मोबाइलवर फोटो काढणारे, तो फोटो कुठे जाईल, कोण काय म्हणेल, सगळे त्या एका क्षणात डोक्यातून गेले. त्या क्षणी आम्हाला तो काळा रंग कळला. तोपर्यंत मनात कुठेतरी अब्बांचा थोडा राग होता, की त्यांनी पुसलेच कसे. तो राग तिथेच गळून पडला. आमच्यापुढे फक्त फोटोची भीती होती. त्यांच्यापुढे घाट होता, रात्र होती आणि घरी तीन लेकरे होती.

भाईजान बाजूला उभे होते. ते म्हणाले, 'मैं अपनी गाडी पे नहीं लिखता. रोज रोड पे रहना है. लेकिन इसपे लिखो.'

पेंटरकाकांनी हिरव्या रंगात ७८६ लिहिले, पहले जैसा. पट्टीच्या डाव्या टोकाला मात्र वीतभर जागा आम्ही घासलीच नाही. तिथे एकाखाली एक चारही थर पायरीसारखे उघडे ठेवले आणि त्यावर वार्निश मारले. लाकडाजवळ 'शुभ'चा अर्धा श, मग लाल, मग काळा, मग हिरवे. ज्याला बघायचे त्याने जवळ जाऊन बघावे.

जुनी गाडी एकदा दुरुस्त करून भागत नाही, हे उस्ताद पहिल्या दिवशीच म्हणाले होते. चासीला चार घोड्या लावून टायरांवरचा भार काढला आहे. महिन्यातून एकदा सगळ्या निपलांना ग्रीस. पावसाळ्यात ताडपत्री, पण खालून हवा खेळती, नाहीतर लाकूड कुजते. आणि दर रविवारी सकाळी अर्धा तास इंजिन चालवायचे, नुसते सुरू करून बंद करायचे नाही, पाणी गरम होईपर्यंत थांबायचे. उस्ताद आता अंथरुणाला खिळले आहेत. आवाज त्यांना फोनवर ऐकवतो. ते 'हौ' म्हणाले की आमचा आठवडा बरा जातो.

रविवारी आमच्या शाळेतली पाच-सात मुले येतात. त्यांना आम्ही पाना धरायला शिकवतो. एक, पाच, तीन, सहा, दोन, चार त्यांना पाठ झाले आहे. गेल्या महिन्यात एका पोराने पट्टीच्या टोकावर बोट ठेवून विचारले, 'सर, ये काला क्यूं है?'

आम्ही त्याला सगळे सांगितले. सांगताना एक गोष्ट स्वतःशी कबूल करावी लागली. ही गाडी आता हायवेवर जाणार नाही, म्हणून तिच्यावर ७८६ लिहिणे आम्हाला जमले. अब्बांनी ऑक्टोबर त्र्याण्णवमध्ये ते पुन्हा लिहून घेतले आणि दुसऱ्याच दिवशी माल भरून ते मुंबईला निघाले होते.